मनगट

स्वारगेटच्या चौकाअलीकडे एक स्कूटरवाला आडवा घुसला आणि बसने असा काही ब्रेक मारला, की उभी असलेली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. कंडक्टरने अर्धी शिवी तोंडात ठेवून अर्धी गिळली. कुणा बाईच्या पिशवीतली संत्री सीटखाली पळाली. रामदास मधल्या दांड्याला पाठ टेकून उभा होता, त्याचं काही हललं नाही. जन्म उलटं लटकण्यात गेलेल्या माणसाला बसचा ब्रेक तो काय! पण चैताली, त्याची लेक, समोर उभी होती. ती पुढे फेकली गेली आणि रामदासचा उजवा हात आपोआप पुढे झाला. हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, बोटं उघडी, मनगट धरायला तयार. चैतालीने तो हात पाहिला. पाहिला यात शंकाच नको, तिची नजर त्या हातावरून गेली. आणि तिने पलीकडचा लोखंडी दांडा धरला. बस पुन्हा सुरू झाली, संत्री गोळा झाली, ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढून झाल्या, आणि रामदासचा हात तसाच पुढे राहिला होता, तो त्याने हळूच मागे घेऊन खिशात घातला. चैताली खिडकीबाहेर बघत होती.

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. तोल गेला, जे जवळ होतं ते धरलं. पण जवळ हातच होता, दांडा लांब होता. आणि ही काही कुणाची घरातली पोर नव्हती. हिमगौरी सर्कशीच्या तंबूत, जमिनीपासून चार पुरुष उंचीवर, ही पोर रोज झुल्याची दांडी सोडून मोकळ्या हवेत यायची ती या हातांच्या भरवशावर. पलीकडच्या झुल्याला गुडघे अडकवून रामदास उलटा लटकलेला असायचा. चैताली फळीवरून झोका घ्यायची, दांडी धरून पुढे यायची, आणि तो म्हणायचा, “ये!” त्या एका शब्दावर तिने दांडी सोडायची. झुल्यावरचा कायदाच तसा. सोडणाऱ्याने विचार करायचा नाही, अंदाज घ्यायचा नाही, झेलणाऱ्याकडे बघून मनाचं काही ठरवायचं नाही. वेळ झेलणारा बघतो. अंतर झेलणारा बघतो. आवाज आला की सुटायचं, आला नाही तर दांडी धरून मागे जायचं. दुसरे झेलणारे ‘हॉप’ म्हणायचे, कुणी ‘हे’ म्हणायचे. रामदासने त्याच्या बायकोला, हिराला, पहिल्यांदा झेललं तेव्हा नवीन लग्न झालेलं, तेव्हा तोंडातून निघालं ते ‘ये’, आणि मग तेच राहिलं. हिरा गेली, त्यानंतर तिच्या जागी चैताली आली, तिलाही तेच. इतकी वर्षं ‘ये’ म्हटलं आणि पोर आली नाही असं झालं नव्हतं. आज त्याने तोंडाने म्हटलं नव्हतं एवढंच.

हात धरण्यात माणसं फसतात, हे सर्कशीत पहिल्या दिवशी शिकवतात. बोटांत बोटं घातली तर घामाने सुटतात. पंजा धरला तर पंजा निसटतो. धरायचं ते मनगट. याने तिचं, तिने याचं, दोन्हीकडून. ही सवय मग तंबूबाहेरही जात नाही. रस्ता ओलांडताना रामदास मनगट धरी, जत्रेत धरी, हिरा रुसली तरी हात न धरता मनगट धरी. हिराच्या दोन्ही मनगटांवर कायम त्याच्या बोटांचे निळे वळ असायचे. चार एका बाजूला, अंगठ्याचा एक दुसऱ्या बाजूला. गावोगावच्या बाया पाण्याच्या नळावर ते बघत आणि हळूच विचारत, नवरा मारतो का गं? हिरा हसत सुटायची. म्हणायची, “मारत नाही बाई, धरतो.” ती सांगलीच्या दवाखान्यात काविळीने पडली होती तेव्हाही तो तिचं मनगट धरून बसला होता. नर्स वैतागून म्हणाली होती, नाडी आम्ही बघतो, तुम्ही बाहेर बसा. तो बाहेर बसला. तेवढ्यात ती गेली. तेव्हापासून त्याला नर्सच्या पांढऱ्या बुटांचा आवाज सहन होत नाही. आणि ती गेल्यावर, अंगावरचं सगळं पिवळं पडलेलं असताना, मनगटावरचे वळ मात्र होते तसे होते. त्याला त्या वेळी त्याचंच बरं वाटलं होतं. दुसरं बरं वाटण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

सकाळी दोघं शनिवार पेठेत गेली होती. म्हणजे चैताली त्याला घेऊन गेली होती. तिथे पद्मजाबाई नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचा लहान पोरांच्या जिम्नॅस्टिकचा वर्ग होता, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, निळ्या मॅट घातलेला, भिंतीला आरसे. महिनाभरापूर्वी बाई वर्गातल्या पोरांना सर्कस दाखवायला मांजरी गावातल्या तंबूत आल्या होत्या, तिथे त्यांनी चैतालीला हेरलं. पोरांना शिकवायला हवी होतीच कुणीतरी. वर्गाच्या मागे एक खोली होती, ती राहायला. “सोमवारपासून येतेयस ना? नक्की ते सांग,” बाई म्हणाल्या, “माझ्याकडे ‘बघते, सांगते’ चालत नाही. बघून झालं, सांगून झालं.” चैताली म्हणाली, येते. मग बाईंनी चष्म्यावरून रामदासकडे पाहिलं. “आणि आपलं काय ठरलं? चैताली म्हणाली, वडीलही बरोबर येतील. मॅट घालायच्या, काढायच्या, आणि पोरांच्या आयांना दाराबाहेर थोपवून धरायचं. तिसरं काम अवघड आहे, आधीच सांगते. आमचे हे दोन दिवसांत हरले.” आमचे हे म्हणजे श्यामराव, कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले. रामदासच्या मस्तकात तिडीक गेली. मॅट! झेलणाऱ्या माणसाने मॅट झाडायच्या? तो एवढंच म्हणाला, “माझं ठरल्यालं हाय. मी सर्कशीबरोबर चाललोय बार्शीला.” चैतालीने खाली बघितलं. निघताना श्यामरावांनी शेकहँड करायला हात पुढे केला आणि रामदासने सवयीने त्यांचं मनगट धरलं. गोंधळच झाला. श्यामराव आधी दचकले, मग मनगटाकडे बघत म्हणाले, “बरं का, मला वाटलं सर्कशीतला माणूस, आता हाड मोडतंय. तुमचा हात तर अगदी मऊ निघाला हो. आमच्या हिचा याहून कडक आहे.” पद्मजाबाई म्हणाल्या, “पेपर वाचा.” सगळे हसले. रामदासही हसला. चैताली तेवढी हसली नाही, हे त्याला आता बसमध्ये आठवलं.

मांजरीची बस धरली तेव्हा खिडकीची जागा मिळाली. रामदास बसला आणि हात खिशातून काढून मांडीवर ठेवले. मनगटांवर निळे डाग होते. हे अलीकडे सुरू झालं होतं, कातडी म्हातारी झाली की जरा कुठे लागलं तरी काळंनिळं होतं, हिराच्या आईचंही तसंच व्हायचं. त्याने बाह्या खाली ओढल्या. चैतालीच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं, पट्ट्याचं, मोबाइलला जोडतात तसलं. झुल्यावरची बाई मनगटावर काही बांधत नाही. खेळ नसतानाही नाही, कारण कातडी इतकी दुखरी असते की बांगडीसुद्धा टोचते. हिराने लग्नातल्या काचेच्या बांगड्या आठवड्यात उतरवून ठेवल्या होत्या. आणि हिने घड्याळ बांधलं, काळाभोर पट्टा घट्ट आवळून, आणि पट्ट्याच्या वरखाली मनगट कसं स्वच्छ, एक डाग नाही. कॉलेजच्या पोरीचं असावं तसं मनगट. रामदासने तिकडे बघितलं आणि त्याला वाटलं, गेली. ही पोर आजच गेलेली नाही, आधीच कधीतरी गेली. शहर लागलं तिला. तंबूत सगळे तेच म्हणत होते. तिने स्वतःच मालकाला जाऊन सांगितलं होतं, मला कंटाळा आला या फिरतीचा, मला पुण्यात राहायचंय. मालक म्हणाला होता, शेवटी वाघ गेले, हत्ती गेले, आता तूही जा. तिने ऐकून घेतलं. रामदासला त्या दिवशी मान वर करायला लाज वाटली होती. आईच्या जागेवर उभी राहिलेली पोर कंटाळा आला म्हणते!

“सृष्टीला आज सोडायचं नाही बाबा,” चैताली मध्येच म्हणाली. सृष्टी म्हणजे संतोषची मुलगी, आणि संतोष म्हणजे झुल्याच्या फळीवरचा माणूस, जो परत येणारी दांडी पकडून देतो. पोरीला नुकती अठरा पूर्ण झाली होती. चैताली जाणार म्हटल्यावर बार्शीपासून तीच झुल्यावर येणार, हे ठरलं होतं. रामदासनेच मालकाला शब्द दिला होता, पोरगी द्या, मी तिला तयार करतो. आजचा पुण्यातला शेवटचा खेळ, तर आजच एकदा तिचा साधा झेल घेऊ, असं संतोषच्या डोक्यात आलं होतं. “का सोडायचं नाही?” रामदासने विचारलं. “तयार नाहीये ती.” “तू तिच्याहून बारीक होतीस तवा.” “माझं वेगळं होतं.” “वेगळं काय हाय त्यात? तुझी जागा घेती म्हणून पोटात दुखतंय का?” बोलून गेला. बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते कडू लागलं, पण शब्द काही दांडी नव्हे, मागे येत नाही. चैताली त्याच्याकडे वळली. काही म्हणणार होती. “बाबा, तुमचे हात…” “माझ्या हातांचं काय?” ती थांबली. बस वळली तशी दोघं थोडी एकमेकांवर रेलली आणि पुन्हा सरळ झाली. “काही नाही,” ती म्हणाली, “गार पडलेत. स्वेटर घालत जा.” बाहेर उसाचे फड होते, त्यांच्या डोक्यावरून पंधरा-वीस मजली नव्या इमारती दिसत होत्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. ऊस तोडून नेलेल्या एका रिकाम्या वावरात हिमगौरीचा तंबू उभा होता, इमारतींपुढे अगदीच बुटका, ठिगळांचा. लांबून बघताना रामदासला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला.

हात गार पडायचे हे खरं होतं. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी उठलं की उजव्या हाताची शेवटची तीन बोटं लाकडासारखी असायची. डाव्याचीही थोडी. शर्टाचं बटण लागायचं नाही. पण चैताली रोज चहाआधी गरम पाण्याचा तांब्या आणून ठेवायची, काही न बोलता, तोंड धुवायला म्हणून. तोंड धुण्याआधी तो त्यात हात बुडवून बसायचा, मग बोटं वळायला लागायची. मग दिवसभर ठीक. ठीक म्हणजे, चालून जायचं. वय झालं की कुणाचं काय सगळं जागेवर राहतं? मालकाचा गुडघा गेला, विदूषकाची बत्तिशी गेली, तंबूचं कापड तर दर गावात शिवावं लागतं. हे सगळं तसंच चालायचं, सर्कस म्हणजे शेवटी शिवून शिवून चालवायचा प्रकार. हे तो स्वतःशी इतक्या वेळा म्हणाला होता, की आता म्हणायचाही कंटाळा आला होता. खरं तर त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता. सामान बांधायचा, सोडायचा, नव्या गावाचं पाणी बाधायचं त्याचा, रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन्ही हात पसरून हसायचा. पण कंटाळा आला म्हणून माणूस काय करतो? उद्या बार्शी. परवा आणखी कुठे. झुल्यावर मात्र कंटाळा यायचा नाही. तिथे उलटं जग दिसायचं, रक्त डोक्यात उतरायचं, आणि समोरून आपलं माणूस हवेतून येताना दिसायचं. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं ओढत न्यायला त्याची ना नव्हती.

तंबूत पोचले तर संतोष दोऱ्या तपासत होता. चैतालीला बघून म्हणाला, “आलात का मॅडम? मिळाला का फ्लॅट?” हल्ली तो तिला मॅडमच म्हणायचा. ती म्हणाली, “संतोषकाका, आज सृष्टीला नको. प्लीज. बार्शीतपण नको. मी सांगते म्हणून.” संतोषने दोरीला गाठ मारता मारता तिच्याकडे बघितलंही नाही. “तू चाललीस नव्हं? मग आमचं आम्ही बघतो की. काका झेलणार हायत तिला, तू न्हाई.” आणि रामदासकडे वळून, “काय काका?” रामदास म्हणाला, “म्हंजे काय! झेलतो की.” चैतालीने राहुटीत जाऊन घड्याळ उतरवलं, ते आईच्या जुन्या लोखंडी पेटीवर, बाबासाहेबांच्या छोट्या तसबिरीशेजारी ठेवलं, आणि केस बांधायला बसली. रामदास राहुटीच्या पडद्याबाहेर मनगटाला पट्टी गुंडाळत होता. पट्टी नीट बसेना म्हणून त्याने ती सोडून दिली, उघड्याच हातांनी जायचं ठरवलं. आत सृष्टी आली, तिचा आवाज ऐकू आला, खुशीत होती पोर. चैताली तिला हळू आवाजात सांगत होती, “हे बघ. गेलीस तर तू धर. घट्ट. त्यांनी धरलंय असं समजून सैल सोडायचं नाही. नखं लागली तरी चालतील. कळलं का?” रामदासने ऐकलं. त्याला वाटलं, जाता जाताही मला नावं ठेवतेय. दोन गावं सोडून तिसऱ्या गावात तिची आठवणसुद्धा काढणार नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रविवार होता, दुपारचा खेळ. शेजारच्या इमारतींतली माणसं आली होती, पोरंबाळं घेऊन, निम्म्या खुर्च्या तरी भरल्या होत्या, हेही आता पुष्कळच. लोक खेळाकडे कमी आणि मोबाइलच्या पडद्यातल्या खेळाकडे जास्त बघत होते. सायकलवाले झाले, विदूषकाने बत्तिशी नसलेल्या तोंडाने शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यावर हशा झाला. मग झुल्याची पाळी. खाली जाळी ताणली गेली. रामदास शिडीने चढला. चढताना बोटांनी कुरकुर केली, त्याने लक्ष दिलं नाही. हातांना पांढरी पूड लावली, झुल्यावर बसला, मागे रेलला, गुडघे अडकवले आणि डोकं खाली सोडलं. झाला उलटा. आता सगळं सोपं होतं. खालच्या खुर्च्या वर गेल्या, तंबूचं ठिगळांचं छत खाली आलं, आणि समोर फळीवर तिघं उभी दिसली, संतोष, सृष्टी आणि चैताली. चैतालीने पूड लावलेले हात एकमेकांवर आपटले. पांढरा ढग उडाला. तिने दांडी घेतली आणि निघाली. एक झोका गेला. दुसऱ्याला ती वर आली तेव्हा रामदास म्हणाला, “ये!” ती आली. तशीच आली, नेहमीसारखी, दांडी सोडून, हात पुढे करून, तोंडावर काही भाव नाही. बसमधला ब्रेक त्याच्या अंगातून अजून गेला नव्हता. म्हणून असेल, आज पहिल्यांदा त्याने तिच्याकडे न बघता हातांकडे बघितलं. मनगटं मनगटांत आली. कोपरापर्यंत कळ गेली. आणि त्याने बघितलं, की त्याची बोटं मिटलीच नव्हती. अंगठा आणि त्याशेजारचं बोट तिच्या मनगटाला टेकून होतं, बाकीची तीन तशीच, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ती लटकत होती ती त्याच्या धरण्याने नव्हे. तिची आठ बोटं आणि दोन अंगठे त्याच्या मनगटांत रुतले होते, नखांच्या टोकांपर्यंत पांढरे पडलेले. तिचं सगळं वजन तिनेच धरलं होतं.

झोका मागे गेला, पुढे आला, परतीच्या दांडीवर ती सुटली, फळीवर पोचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने दोन्ही हात वर करून सलामी दिली. मनगटं उघडी, बटाट्याच्या सालीसारखी तपकिरी, त्यांवर पकडीचा ठसा नव्हता. रामदासने मान उचलून आपले हात बघितले. दोन्ही मनगटांवर पांढरे ठसे उठले होते. चार एका बाजूला, अंगठ्याचा एक दुसऱ्या बाजूला. त्यांच्याखाली जुने निळे. एकावर एक, किती महिन्यांचे कोण जाणे. अरे देवा, तो उलट्या तोंडाने म्हणाला, हे वळ म्हातारपणाचे नव्हेत. आणि मग एकेक गोष्ट आपली आपण येऊन उभी राहिली. गरम पाण्याचा तांब्या. श्यामराव हसले तेव्हा न हसलेला चेहरा. बसमधला हात, जो तिने बघितला आणि सोडला, कारण तिथे जमिनीवर खोटं धरायची गरज नव्हती. मला कंटाळा आला, मला पुण्यात राहायचंय, असं सगळ्या तंबूपुढे म्हणणारी पोर. तिला ठाऊक होतं, तिच्या जाण्याने झुला बंद पडला तर लोक तिला बोलतील, बापाला नाही. रामदास हात गेले म्हणून उतरला, असं कुणी म्हणणार नव्हतं. लेकीने दगा दिला असं म्हणतील, आणि ते तिने चालवून घेतलं होतं. मॅट झाडायची नोकरी तिने त्याच्यासाठी मागून आणली होती. आणि याने काय केलं? संतोषची पोर मागून घेतली! त्याला रडू येत होतं आणि लाज वाटत होती, आणि या सगळ्याच्या मध्ये फळीवर सृष्टीने दांडी हातात घेतली होती.

चैताली फळीवर नव्हती. तिने दोरीवरून खाली सरकून जाळीचा काठ गाठला होता आणि वर बघत उभी होती, दोन्ही हात अर्धवट पुढे, जणू जाळीच्या आधी तीच झेलणार होती. माइकवरून कुणीतरी सृष्टीचं नाव पुकारलं. पोर निघाली. तिचा झोका चांगला होता, पाय जुळलेले, पाठ सरळ. संतोषने शिकवली होती नीट. ती समोर आली, वर आली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे रामदासवर. सगळा विश्वास त्या डोळ्यांत. ही जागा, हीच वेळ, अंतर अगदी बरोबर. त्याचं तोंड सवयीने उघडलं. आणि त्याने ते मिटलं. सृष्टी दांडी धरून मागे गेली. लोकांना वाटलं, असंच असतं. ती पुन्हा आली. पुन्हा तो गप्प राहिला. फळीवरून संतोष ओरडला, “काका, बोलवा की!” तिसऱ्या वेळी पोरीच्या चेहऱ्यावर प्रश्न आला, पण तिने दांडी सोडली नाही. कायद्याची पक्की होती. खालून शिट्ट्या यायला लागल्या, कुणीतरी “अंकल, झोप लागली का?” म्हणून ओरडलं आणि हशा पिकला. मालक रिंगणाच्या कडेला धावत आला. रामदासने दोन्ही हात समोर धरले, सगळ्यांना दिसतील असे, संतोषला दिसतील असे, आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठे वळले. शेजारची बोटं वळली. बाकीची उघडीच राहिली. त्याने हात तसेच धरून ठेवले, संतोषची नजर त्यांवर येईपर्यंत. आली. संतोषचं तोंड उघडं राहिलं, आणि त्याने वाकून परत आलेल्या दांडीसकट आपल्या पोरीला कमरेला मिठी मारून फळीवर ओढून घेतलं. त्याने ती सोडलीच नाही नंतर.

मग रामदासने गुडघे सैल केले. झेलणारा सगळ्यात शेवटी जाळीत पडतो. पडताना त्याने हिराचं नाव घेतलं, की आणखी काही म्हटलं, त्याला पुढे आठवलं नाही. जाळीने त्याला दोनदा वर फेकलं आणि मग निजवलं. वर ठिगळांचं छत सरळ दिसत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हाही खेळच. बँडवाल्याने काहीतरी घाईघाईने वाजवायला सुरुवात केली. रामदास उठून बसला, गुडघ्यांवर रांगत काठापर्यंत आला. तिथून खाली उतरायला माणसाला एक हात लागतो, नेहमी कुणीतरी देतं. काठाशी चैताली उभी होती. तिचे डोळे भरलेले होते आणि ती ते पुसत नव्हती. “मॅट किती असतात तिथं?” त्याने विचारलं. “खूप,” ती म्हणाली. आणि हात पुढे केला.

“या, बाबा.”

रामदासने बोटं पुढे केली नाहीत. हात सैल सोडून त्याने मनगट तिच्या हातात दिलं.